वेराबिल हातात पडलं त्या तारखेपासून पंधरा दिवस

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकांचा प्रश्न: वडिलांच्या घरातली खालची खोली क्लासेसना दिली होती. क्लासेस बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी महापालिकेने ती ‘बिन-रहेणांक’ (बिगर-रहिवासी) धरून ४८,००० रुपयांचं वेराबिल, म्हणजे मालमत्ता कराचं बिल, पाठवलंय. आकारणीच चुकीची, मग पैसे का भरायचे? वाडी-रावपुऱ्यातूनही अशीच विचारणा सतत होते.

आकारणीचं नंतर पाहू. बिल मिळून नऊ दिवस झाले असं तुम्ही लिहिता, म्हणजे सहाच उरले. गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४०६ प्रमाणे अपील पंधरा दिवसांत दाखल व्हावं लागतं, आणि बिलाची रक्कम महापालिकेत जमा असल्याशिवाय कोर्ट ते ऐकत नाही. ही अट अन्यायाची आहे, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. १९७५ मध्ये अनंत मिल्सच्या खटल्यात अट कायम राहिली. खरी अडचण दाखवलीत तर कोर्ट जास्तीत जास्त २५ टक्के सूट देऊ शकतं. म्हणजे तुमच्या बाबतीत निदान ३६,००० रुपये उभे करावेच लागतील. भरताना ‘हक्क राखून’ असं पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर इन्वर्डचा शिक्का घ्या. पैसे भरले म्हणजे आकारणी कबूल केली, असं होत नाही.

आता तुमची चूक. बिलाच्या आधी आलेली आकारणीची खास नोटीस तुम्ही कपाटात ठेवून दिलीत. त्याच वेळी आयुक्तांकडे लेखी तक्रार गेली असती, तर आज बाजू भक्कम असती. आता महापालिकेचे वकील पहिला मुद्दा हाच काढतील. त्यावर कोर्ट काय म्हणेल, ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मुदत गेली तर उशीरमाफीचा अर्ज करता येतो, पण ‘नोटीस वाचलीच नाही’ हे कारण सहसा चालत नाही.

बिल अजून वडिलांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि वारसाने वर्षाच्या आत महापालिकेला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि पेढीनामा (वारस दाखवणारी वंशावळ) अपिलाला जोडा, नाहीतर तुम्ही कोण, यावरच पहिल्या तारखा जातील.

अपील कितीही वर्षं रेंगाळू शकतं आणि दरम्यान पुढची बिलं याच वर्गवारीने येत राहतील. म्हणून वॉर्ड ऑफिसात वर्गवारी बदलण्याचा वेगळा अर्ज आजच द्या. सोबत रहिवासी दराची दोन वर्षांची वीजबिलं, क्लासेसचा भाडेकरार संपल्याचा कागद, गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) काढलेला असल्यास तो रद्द केल्याचा पुरावा आणि खोलीचं कार्पेट मोजमाप जोडा. खोलीवर क्लासेसची पाटी अजून असेल, तर पाहणीला माणूस येण्याआधी ती उतरवा. तो फोटो तिचाच काढतो.