मुलगा म्हणतोय बोटीवर राहायला जातो

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. मुलगा सिंगापूरला आयटीत, सून तिथेच बँकेत, नाती ९ आणि ६ वर्षांच्या. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आई आम्ही नोकऱ्या सोडतोय, शिडाची सेकंडहँड बोट घेतोय, ४० फुटी, मलेशियात लंकावीला ठेवणार आणि चौघं तिच्यावरच राहणार. वर इथला अकोट्याचा भाड्याने दिलेला फ्लॅट विकून थोडे पैसे दे म्हणतोय. ह्यांचं म्हणणं करू दे त्याला काय करायचं ते. मला तर हरणी तलावाचं आठवून झोप येत नाही. पोरींची शाळा, आजारपण, वादळ... वेडेपणाच ना हा?
— एक आजी, वडोदरा

उत्तर : काकू, वेडेपणा नाही म्हणता येणार. बोटीवर संसार मांडलेली कुटुंबं जगभर आहेत, कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडे जाणारी बोटींची एक रॅली १९८६ पासून दर वर्षी निघते आणि तिच्यात पोरंबाळं घेऊन जाणारे आईबापही असतात. आपले दिलीप दोंदे तर २०१० मध्ये शिडाच्या बोटीने एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पण ते नौदलातले, समुद्र हेच त्यांचं काम. तुमच्या चिरंजीवांनी आजवर किती शिडं ओढलीत ते पत्रात कुठेच नाही, ते आधी विचारा.

हरणीचं वडोदऱ्यात कोण विसरेल. १८ जानेवारी २०२४, बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. पण तिथे बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबलेली आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफजॅकेटच नव्हतं. समुद्रातल्या शिडाच्या बोटीला तळाशी सहसा शिशाचा नाहीतर लोखंडाचा जड कणा असतो, त्याला कील म्हणतात, त्यामुळे ती वाऱ्याने भरपूर कलते (पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव जातो) पण वजन खाली असल्यामुळे परत सरळ होते. मला विचाराल तर बोट बुडण्यापेक्षा माणूस पाण्यात पडण्याची भीती जास्त. म्हणून डेकवर पोरींच्या अंगात लाइफजॅकेट, हार्नेस आणि त्याचा पट्टा बोटीला हुकने अडकवलेला, कडेच्या कठड्याला जाळी, आणि हा नियम बापालासुद्धा, रात्री एकटा पहाऱ्यावर असताना तर जास्तच. हे त्याच्याकडून कबूल करून घ्या, हक्काने.

वादळाचं म्हणाल तर लंकावी विषुववृत्तापासून जेमतेम ६ अंशांवर आहे, इतक्या जवळ चक्रीवादळं क्वचितच होतात, म्हणून बरेच बोटवाले तिथेच मुक्काम ठोकतात. पहाटेचे अचानक येणारे जोरदार झोत मात्र असतात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत त्यांना सुमात्रा म्हणतात, आणि विजाही खूप. आजारपणाला लंकावीत हॉस्पिटल आहे, पण लांबच्या प्रवासात ही बोट ५-६ नॉट म्हणजे ताशी साधारण ९ ते ११ किलोमीटर, अलकापुरीहून मांजलपूरला सायकलने रमतगमत जावं तेवढ्याच वेगाने चालते, मदत लगेच गाठता येत नाही, त्यामुळे औषधांची पेटी, फर्स्ट एडचा कोर्स आणि संकटात उपग्रहाला सिग्नल पाठवणारं ईपर्ब नावाचं यंत्र, ह्यात काटकसर नको.

शाळेचं मला तितकं टेन्शन नाही, ह्या वयात आईबापांनी रोज दोन-तीन तास मनापासून बसवलं तर पुरतं, दहावीचं पुढे एनआयओएस ह्या सरकारी मुक्त शाळेतून १४ वर्षं झाली की करता येतं. मैत्रिणींचं मात्र अवघड, बंदर बदललं की मैत्रीण गेली. आणि स्वयंपाकाची काळजी करू नका, बोटीवरची शेगडी दोन बाजूंनी टांगलेली असते, बोट कलली तरी ती सपाट राहते, वर भांडं घट्ट धरायला चिमटे. झाकण पक्कं लागतं म्हणून गोरे लोकसुद्धा बोटीवर कुकर वापरतात, कलंडला तरी उकळतं वरण अंगावर येत नाही. तुमचा जुना कुकर देऊन टाका.

फ्लॅट मात्र विकू नका. बोट ही घरासारखी वाढत नाही, तिची किंमत उतरतच जाते आणि वर्षाला किमतीच्या साधारण १० टक्के देखभालीत जातात असा बोटवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे, जुनी असेल तर जास्तच, तळाला रंग, शिडं, डोलकाठीच्या तारा, इंजिन, काही ना काही चालूच. घ्यायच्या आधी पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासून घे म्हणावं. शिवाय आपला भारतीय पासपोर्ट, बोटीने आलात म्हणून व्हिसा कुणी माफ करत नाही, पुढे युरोपात गेलेच तर शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणारे देश) १८० दिवसांत ९० दिवसच. त्याला सांगा, आधी भाड्याच्या बोटीवर चौघं महिनाभर राहून बघा, पावसाळी महिना धरा, मग बोलू पैशांचं. तोवर फ्लॅटचं भाडं हवं तर त्याच्या खात्यात टाका.

आणि एक, एवढ्या पत्रात मुलगा काय म्हणतो, तुमचे हे काय म्हणतात सगळं आहे, सूनबाई काय म्हणतात त्याचा एक शब्द नाही. बँकेतली नोकरी तिचीही सुटतेय आणि त्या ४० फुटांत दिवसाचे चोवीस तास तीच असणार. तिला तो घरात नसताना स्वतंत्र फोन करा, सल्ला देऊ नका, नुसतं विचारा तुला जायचंय का. ती हो म्हणाली तर माझी अर्धी काळजी मिटली, आणि गप्प बसली तर मुलाशी बोलायचा मुद्दा बोट नाही, तिचं गप्प बसणं आहे.