थरथरत्या हातानेही नकार देता येतो

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळाले. चाकणच्या कारखान्यात, न तपासलेल्या मालावर तपासणी झाल्याची सही करण्यासाठी तुझ्यावर दबाव येत आहे, नकार दिला तर नोकरी जाईल आणि मग नगरला धाकट्या भावाची फी कोण भरेल या विचाराने तुझी झोप उडाली आहे, हे सारे तू मोकळेपणाने लिहिलेस ते बरे केलेस. परंतु इतकी भीती वाटते त्या अर्थी माझा विश्वासच खोटा आहे का, असे तू शेवटी विचारले आहेस. त्याचे उत्तर आधी देते. सहीचे नंतर पाहू.

नाही, तुझा विश्वास खोटा नाही. ‘विश्वासणाऱ्याला कसली भीती?’ असे आपल्या मंडळ्यांत सहज बोलले जाते, आणि त्यामुळे आधीच घाबरलेल्या माणसावर अपराधीपणाचे ओझेही चढते. हे मला फार वाईट वाटते, कारण पवित्र शास्त्र असे बोलत नाही. आपण ग्रीसमधल्या करिंथ नगरात आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेलो होतो, कापत होतो, असे खुद्द प्रेषित पौल तिथल्या मंडळीला लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात त्याच करिंथात प्रभू त्याला रात्री दर्शन देऊन सांगतो की भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नको. बोलणे थांबेल इतकी भीती त्याला वाटत असली पाहिजे. नाहीतर हे सांगण्याचे कारणच नव्हते. पौल त्यानंतर तिथे दीड वर्ष राहिला. त्याची भीती त्या रात्रीतच संपली, असे त्या पुस्तकाचा लेखक लूक कुठेही लिहीत नाही. पौल शिकवत राहिला, एवढेच तो नोंदवतो.

त्या दर्शनात प्रभूने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आपण वाचताना घाईने ओलांडतो: या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ‘मी तुझ्याबरोबर आहे’ एवढे सांगून प्रभू थांबला नाही, त्याने पौलाला माणसांचीही आठवण दिली. पौल तिथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू करण्याचे काम करत होता. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशूने, जीव अतिशय व्याकूळ झाला असताना, तीन शिष्यांना जवळ थांबून जागे राहण्याची विनंती केली. देवाच्या पुत्राने मरणाच्या भयात माणसांची सोबत मागितली, तर तू तुझ्या खोलीवर एकटीने धैर्य गोळा करत बसावेस, अशी अपेक्षा कोण ठेवील?

आता आपल्या पुण्यातलेच एक उदाहरण. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८९० मध्ये शारदा सदन ही आपली विधवा व मुलींसाठीची शाळा मुंबईहून इथे आणली. मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला, तेव्हा रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही आपली प्रार्थना लपवून करायची नाही, या निर्णयावरून बाई हलल्या नाहीत. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते, आणि तरी त्या तिथेच गेल्या.

तुझ्या सहीविषयी माझे मत स्पष्ट आहे: करू नकोस. त्या मालावर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो. मात्र रागाच्या भरात राजीनामाही देऊ नकोस. कोणता माल, कोणती चाचणी, कुणी आणि कधी सांगितले, हे तारखांसह लिहून काढ. मग साहेबांना नम्रपणे लेखी कळव की चाचणी झाल्यावर मी लगेच सही करीन. सांगताना आवाज कापला तरी चालेल.

प्रार्थना केलीस म्हणजे नोकरी टिकेलच, असे वचन मी तुला देणार नाही. दानीएलाच्या पुस्तकात, मूर्तीला नमन करा नाहीतर जळत्या भट्टीत टाकीन, असे राजाने धमकावले तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्याला म्हणाले की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्यांचा निर्णय भट्टीत पडण्यापूर्वी, सुटका दिसण्यापूर्वी झाला होता. तुझाही तसाच व्हावा, अशी माझी प्रार्थना आहे. नोकरी गेलीच, तर भावाच्या फीचा विचार तू एकटीने करायचा नाही. मंडळी त्यासाठीच असते.

जेवण टाळू नकोस. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला संदेष्टा एलीया मरण मागत झाडाखाली निजला, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर आणि पाणी दिले. छातीत धडधड आणि जागरण असेच चालू राहिले, तर डॉक्टरांना दाखव. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

रविवारी उपासनेनंतर थांब. पाळकसाहेबांशी मी बोलून ठेवते, आणि आपल्या मंडळीत कामगार कायद्याची वकिली करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनाही थांबायला सांगते. तुला आलेले आदेश आणि तू काढलेले टिपण सोबत आण. साहेबांना द्यायचे पत्र आपण तिथेच बसून लिहू.

तुझी,
मावशी