बर्फाच्या पेटीतील कॉइलसाठी तांब्याची नळी घ्यावी की स्टीलची?
लातूरकडच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी बर्फाच्या पेटीतील कॉइलमधून थंड करून प्यायचे असेल, तर एसीच्या कामाला वापरतात ती मऊ तांब्याची नळी नवी आणून लावावी, असे माझे मत आहे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर ३०४ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची अवघी १६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असते. मात्र एवढ्यावरून स्टील बाद करू नये, कारण नळीची जाडी एक मिलिमीटरहून कमी असल्यास खरा अडथळा धातूचा नसून त्याला आतबाहेर चिकटलेल्या पाण्याच्या थराचा असतो, आणि नळी थोडी लांब घेतली की फरक बराचसा भरून निघतो. ताक किंवा लिंबू सरबत न्यायचे असल्यास तर स्टीलच हवे. आंबटात तांबे उतरते. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडते, पण पितळी जोड आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी एकत्र आले की त्याला भोके पडतात. प्लास्टिकची नळी केवळ जोडणीपुरती ठीक.

गुंडाळताना नळी चेपू नये म्हणून तीत बारीक, कोरडी वाळू ठासून भरावी व दोन्ही तोंडे बंद करावीत. गुंडाळून झाल्यावर वाळू काढून नळी भरपूर पाण्याने धुवावी. जोडांना शिसेयुक्त सोल्डर मुळीच लावू नये.