अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी का येते?

तुमच्या सासूबाईंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, दवाखान्यात बसवून मोजलेला रक्तदाब दर वेळी चांगला येतो, आणि तरीही सकाळी अंथरुणातून उठताच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हे कसे, असे तुम्ही विचारले आहे. त्यांचा रक्तदाब उभ्याने कोणी मोजला आहे का, हे मला आधी जाणून घ्यावेसे वाटते.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते आणि रक्तदाब घसरू लागतो. तो वेळीच सावरला नाही तर मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या व महाधमनीच्या भिंतींत ताण ओळखणारे चेतातंतू असतात. भिंत सैलावली की त्यांचे संदेश विरळ होतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला तेवढी सूचना पुरते. हृदयाला मोकळे सोडले तर ते मिनिटाला सुमारे 100 ठोके देईल; एरवी नाडी सत्तरच्या आसपास राहते, ती परानुकंपी संस्थेतील, म्हणजे हृदयाला शांत ठेवणाऱ्या चेतासंस्थेतील, व्हेगस चेता त्याला सतत आवरून धरते म्हणून. उठताच हा लगाम सैल होतो आणि एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. तिच्या उलट काम करणाऱ्या अनुकंपी संस्थेचे तंतू नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सोडून रक्तवाहिन्या आवळतात, त्याला मात्र काही सेकंद लागतात, आणि धडधाकट माणसालाही कधी गरगरते ते याच सेकंदांत. अनुकंपी संस्था फक्त संकटकाळी जागी होते, ही शाळेतली समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते.

मधुमेहात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर हे तंतू झिजतात. माझ्या वडिलांची नाडी आडवे असताना 88 होती आणि उभे राहिल्यावर 90. रक्तदाब मात्र 30 ने उतरला होता. हृदयाला हुकूमच पोहोचत नव्हता. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या यात भर घालतात.

सासूबाईंना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब व नाडी मोजा, मग उभे राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. त्या वेळी त्यांच्या शेजारीच उभे राहा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, पण गोळ्या परस्पर बंद करू नका. तोवर त्यांनी उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, पोटऱ्या चारदोनदा आवळाव्यात आणि मगच उभे राहावे.