एचबीए१सी ८.२ आली आहे. गोळी न घेता तीन महिने नुसतं पथ्य आणि चालण्यावर काढून बघू का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३ आहे, मधुमेह निघालाय, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) ८.२ आली, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी लिहून दिली. पण घरचे म्हणतात, गोळी एकदा लागली की सुटत नाही. म्हणून तीन महिने गोळीविना काढून बघावेत का, साखरेऐवजी गूळ चालेल का, आणि भात कायमचा सोडावा का, असं विचारलंय.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी आहे आणि नऊ वर्षं मला टाईप टू मधुमेह आहे. तुम्ही जे करायचं म्हणताय ते मी करून बसलोय. म्हणून सरळ सांगतो, गोळी सुरू करा, आणि पथ्य-चालणंही त्याच दिवशी सुरू करा. यातलं एक केलं की दुसरं नको, असं नसतं.

आधी गुळाचं बोलतो, कारण माझा सगळा जन्म त्यातच गेला. हंगामात सौद्याला रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागतात. प्रत्येक थप्पीतला एखादा रवा फोडून कडेचा तुकडा जिभेवर ठेवायचा, रंग बघायचा, कण बघायचा. दिवसाला दहा-बारा तुकडे सहज पोटात जायचे. निदान झाल्यावर आई म्हणाली, "साखर सोड, गूळ खा. गुळानं कुणाला काय झालंय?" मला ते पटलं, आणि चहा गुळाचा सुरू केला. पुढं घरी ग्लुकोमीटर आणल्यावर एकदा चहाच्या आधी मोजलं तर १२१, आणि तासाभरानं १८६. त्या दिवशी चहाशिवाय दुसरं काही खाल्लं नव्हतं. गूळ उसाच्याच रसाचा. त्यात बहुतेक भाग सुक्रोजचाच असतो, म्हणजे साखरेत असतं तेच. लोह आणि क्षार थोडे असतात, पण त्यासाठी मधुमेहाच्या माणसानं गूळ खावा इतके नाहीत. सेंद्रिय असो की पिवळाधमक, रक्ताला फरक पडत नाही. या धंद्यावर माझं घर चालतं, तरी हे सांगतोय. आता सौद्यात मी रंग आणि कण बघतो, चव दुसरा घेतो.

आता गोळी. माझी पहिली एचबीए१सी ९.१ होती. मेटफॉर्मिन, पथ्य आणि चालणं या तिन्हींनी सहा महिन्यांत ती ६.८ वर आली. मला वाटलं, सुटलो. ओळखीतल्या एकानं काढा दिला, तो सुरू केला आणि गोळी आपल्या मनानं बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, मशीनलाही हात लावला नाही. चार महिन्यांनी रात्री तीन-तीनदा उठावं लागायला लागलं, घसा कोरडा पडायचा. तपासलं तर ८.९. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गोळी तुम्हाला लागली नव्हती. साखर खाली होती ती गोळीमुळंसुद्धा होती."

'गोळी लागते' या समजुतीमागं जे दिसतं ते खरं असतं, पण कारण वेगळं असतं. टाईप टू मध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद वर्षानुवर्षं कमी होत जाते. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात नुकतंच निदान झालेले पाच हजारांवर लोक होते. निदान होतं तेव्हाच ही ताकद सुमारे निम्म्यावर आलेली असते, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणून काही वर्षांनी औषध वाढतं. ते व्यसन लागल्यामुळं नाही, आजार पुढं सरकल्यामुळं. त्याच अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. ज्यांची साखर जास्त काटेकोर ठेवली होती त्यांच्यात डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी होते. पुढची दहा वर्षं त्यांच्याकडं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की दोन्ही गटांची साखर सारखी झाल्यावरही सुरुवातीला नीट सांभाळणाऱ्यांचा फायदा टिकून होता. म्हणून तुमचे हे पहिले तीन महिने वाया घालवू नका असं मी म्हणतो. ८.२ म्हणजे साखर सरासरी १९०च्या आसपास.

गोळी कधीच सुटत नाही, असंही नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्याच डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांना काही महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरीचा आहार दिला. वर्षाच्या शेवटी त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या खाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. पण त्यांची औषधं देखरेखीखाली थांबवलेली होती. तुमचं पोट सुटलेलं असेल (आपल्याकडं पुरुषांना कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात), तर वजन उतरवा आणि गोळी कमी करायचं डॉक्टरांनाच विचारा. तुमचं निदान ताजं आहे, तुम्हाला वाव माझ्यापेक्षा जास्त आहे.

मेटफॉर्मिननं किडनी जाते, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. किडनी जाते ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं आणि ब्लड प्रेशरनं. किडनी आधीच फार कमजोर असेल तर ही गोळी देत नाहीत, म्हणून क्रिएटिनिन तपासतात. पहिले काही दिवस बऱ्याच जणांचं पोट बिघडतं, जुलाब होतात. जेवणाबरोबर घ्या, तरी त्रास झाला तर हळूहळू विरघळणारी गोळी मागा. बरीच वर्षं घेतली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासून घ्या. माझं कमी निघालं होतं.

जेवणाचं मला वहीनं शिकवलं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज नाही मोजलं. आठवड्यातून दोन दिवस ठरवले, जेवणाचा पहिला घास घेताना एकदा आणि दोन तासांनी एकदा. शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. माझी समजूत होती की भाकरी चालते, त्यामुळं तीन भाकऱ्या खायचो. दोन तासांनी २१२. तीच जोंधळ्याची भाकरी दीड, बरोबर मटकीची उसळ मोठी वाटी, मेथीची भाजी आणि काकडी, तर १५८. ज्वारीत दोष नव्हता, माप चुकत होतं. भाताचंही तसंच. मी सोडला नाही, पण तो आता एक लहान वाटी असतो आणि शेवटी येतो. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ पोटात गेली की साखर सावकाश चढते, हे माझ्या वहीत पुन्हा पुन्हा दिसलं. अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात डाळ-उसळ-अंडी-मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, एवढं डोळ्यांसमोर ठेवलं तरी पुष्कळ आहे.

कोल्हापुरात राहून मिसळ आणि रस्सा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. मिसळीत मटकी चांगलीच असते, साखर चढते ती फरसाण आणि ब्रेडच्या स्लाइसनी. मी मटकी जास्त, फरसाण चिमूटभर आणि एकच स्लाइस घेतो. तांबड्या-पांढऱ्या रश्शानं साखर फारशी हलत नाही, पण त्यातलं तेल-मीठ हृदयाला आणि ब्लड प्रेशरला बाधतं. म्हणून एक-एक वाटी, रविवारी. गंगावेशीतलं म्हशीचं दूध साखर न घालता प्यालं तरी त्यात दुधाची साखर असतेच, पेलाभर दुधात बारा ग्रॅमच्या आसपास. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र मी पूर्ण बंद केली. ती जवळजवळ सगळी पिठूळच असते.

चालण्याचं एकच मर्म मला उशिरा कळलं. सकाळी विद्यापीठात तासभर चालून दिवसभर गादीवर बसलं तर बराचसा फायदा हातचा जातो. स्नायू हलत असताना रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, म्हणून जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं फार उपयोगी पडतं. रात्री जेवून मी आणि मंडळी रंकाळ्याच्या कडेनं चालतो. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरली पाहिजेत आणि सलग दोन दिवस खाडा होऊ नये. वर दोन दिवस बैठका. तालमीचं गाव आहे आपलं, बैठका कशा मारायच्या हे शिकवायला कुणीही भेटेल.

एक गोष्ट जपा. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार खाली जात नाही, पण पुढं ग्लिमेपिराइडसारखी गोळी जोडली तर जाते. मी एकदा ती घेऊन, उपाशीपोटी जोतिबाच्या पायऱ्या चढायला लागलो. अर्ध्यावर घाम फुटला, हात कापायला लागले, समोरचं अंधुक दिसायला लागलं. गुलाल-खोबऱ्याच्या दुकानातल्या बाईंनी ओळखलं आणि पाण्यात साखर घालून पाजली. साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मग काहीतरी खायचं. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या चरबीमुळं साखर चढायला वेळ लागतो. तेव्हापासून माझ्या खिशात साखरेची पुडी असते. उपवास असला तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारून ठेवतो.

वजन भराभर उतरत असेल, तहान भागत नसेल, उलट्या होत असतील तर कुणाच्याही उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. तसं काही नसेल तर एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, बहुतेकांना ७च्या खाली ठेवायला सांगतात. आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (हे प्रथिन), कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना तपासून घ्या.

पायांचं हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः आपल्याकडं. नवी चप्पल चावते आणि दोन दिवसांत रुळते, असं आपण धरून चालतो. नसा बधिर व्हायला लागल्या की चप्पल चावलेली कळतच नाही. माझ्या अंगठ्याजवळ फोड येऊन फुटला, जखम चिघळली, तोवर मला पत्ता नव्हता. मोज्यावर डाग दिसला म्हणून कळलं, आणि भरायला सात आठवडे लागले. कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) घेतलीत तर पहिले आठ दिवस घरातच थोडा थोडा वेळ घाला आणि रोज रात्री तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.