मॅमोग्राफीत काही निघालं नाही, मग सोनोग्राफी कशाला?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या मंगलताई (नाव बदललं आहे) माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीतली फिल्म बाहेर काढायलाही तयार नव्हत्या. वय 44. शिबिरात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे झाला, गाठ दिसली नाही, तरी रिपोर्टच्या शेवटी 'दोन्ही बाजूंची सोनोग्राफी करून घ्यावी' असं लिहिलेलं. आयटीआयला शिकणाऱ्या मुलाने रिपोर्टमधला 'डेन्स' हा शब्द मोबाइलवर शोधला, 'कॅन्सरचा धोका जास्त' एवढंच वाचलं आणि दोन दिवस आईच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"ताई, मशीनम्हा काहीच दिखनं नही, मंग हाई सोनोग्राफी काबर? माले खरं सांगा."

हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. दुसरी तपासणी सांगितली म्हणजे पहिल्यात काहीतरी निघालंय आणि घरचे लपवताहेत, अशी बाईची खात्रीच होऊन बसते. मंगलताईंच्या मावशीने दुखत नाही म्हणून गाठ वर्षभर अंगावर काढली होती. मावशी वारली, तेव्हापासून ही भीती त्यांच्या मनात घर करून होती.

मी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. स्तनातली चरबी फिल्मवर काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी आणि तंतू पांढरे. कॅन्सरची गाठही पांढरीच. ज्या स्तनात पांढरा भाग जास्त, तो 'डेन्स'. ए ते डी असे चार प्रकार करतात, ताईंचा सी होता. चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या बायका सी किंवा डी मध्ये येतात. हा आजार नाही, हाताने दाबून कळतही नाही, आणि पाळी गेल्यावर बहुतेकींचा दाटपणा कमी होत जातो. धोका थोडा वाढतो हे खरं, ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण खरी अडचण ही की पांढऱ्यात पांढरं झाकलं जातं.

ताई बराच वेळ फिल्मकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे फुटलेल्या बोंडातली सरकी. नुसतं बघितलं तर कापूसच दिसतो, चिमटीत धरली की लागते.

इतक्या वर्षांत मला इतकं नेमकं समजावता आलं नव्हतं. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांच्यावरून त्या लहरी वेगवेगळ्या परततात, त्यामुळे पांढऱ्यामागे दडलेलं हाती लागतं. त्यात एक्स-रेही नसतात. जपानमध्ये 40 ते 49 वयाच्या सुमारे 73 हजार बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या बायकांची फक्त मॅमोग्राफी केली, निम्म्यांची जोडीला सोनोग्राफीही. पहिल्या गटात 117 कॅन्सर सापडले, दुसऱ्यात 184. तपासणीत सुटून नंतर उघड झालेले कॅन्सर पहिल्या गटात 35 होते, दुसऱ्यात 18. त्यामुळे जीव किती जास्त वाचतात, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

सोबत आलेल्या भाऊंचा प्रश्न रास्त होता: मग नुसती सोनोग्राफीच का नको? त्यात दाबून धरणं नाही, दुखणं नाही. नको, कारण काही कॅन्सर अगदी सुरुवातीला चुन्याच्या बारीक कणांच्या रूपात दिसतात. ते मॅमोग्राफीत उठून दिसतात, सोनोग्राफीत बहुधा निसटतात. एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही.

आणखी एक गोष्ट मी बाई सोनोग्राफीला जाण्याआधीच सांगते, कारण नंतर सांगितली तर ती ढासळते. सोनोग्राफीत साध्या गाठीही दिसतात. त्याच अभ्यासात, कॅन्सर नसलेल्या शंभर बायकांपैकी पुढच्या तपासणीला बोलावल्या गेलेल्या नुसत्या मॅमोग्राफीत साधारण 9 होत्या, दोन्ही केल्यावर 12. कुणाच्या गाठीचा सुईने तुकडाही काढावा लागतो. बोलावणं आलं म्हणजे कॅन्सर ठरला, असं नाही.

एवढं झालं तरी ताई उठेनात. खरं अडलं होतं ते वेगळंच. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि आई सोनोग्राफीला निघाली तर गल्ली काय म्हणेल? सेंटरच्या दारावर 'गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी असते, 1994 च्या कायद्याने ती लावावीच लागते. त्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई, हे समीकरण पक्कं बसलंय. या लाजेपायी कितीतरी बायका चिठ्ठी उशाखाली ठेवून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. मी त्यांना सांगितलं, काउंटरवर सरळ 'छातीची सोनोग्राफी' म्हणा. उपाशी जायचं नाही, पाणी पिऊन लघवी रोखायची नाही. बाई डॉक्टर हवी असेल तर आधी फोन करून विचारा.

आठ दिवसांनी दोघे परत आले. डाव्या बाजूला पाण्याच्या दोन लहान गाठी, भरीव काही नाही. अशा साध्या गाठी या वयात नेहमी आढळतात, त्रास नसेल तर काही करावं लागत नाही. डॉक्टरांनी पुढची मॅमोग्राफी वर्षाने सांगितली होती. मधल्या काळात नवीन गाठ लागली, स्तनाच्या बोंडातून रक्त आलं, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर वर्षाची वाट बघायची नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पुढच्या वेळी जुनी फिल्म सोबत लागते, डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघतात, हेही सांगितलं. भाऊंनी थैलीतून प्लॅस्टिकची जाड पिशवी काढली. तिच्यात शेताचा सातबारा होता. मंगलताईंनी फिल्म न दुमडता त्याच्यामागे सरकवली आणि पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं.