वाचकांचे प्रश्न : फ्युएल किट बसवल्यावर अ‍ॅव्हरेज का उतरले?

प्रश्न : माझी साडेतीनशे सीसीची, एकसिलिंडर, बीएस-६ मोटारसायकल आहे. चार महिन्यांपूर्वी मी तिला मोकळा सायलेन्सर बसवला. त्यानंतर गाडी मधूनच अडखळू लागली, म्हणून गॅरेजवाल्यांच्या सांगण्यावरून फ्युएल ट्यूनिंगचे किटही बसवून घेतले. पिकअप सुधारला हे मान्य केलेच पाहिजे. पण पूर्वी लिटरला ३४ किलोमीटर देणारी गाडी आता २८ वर आली आहे. 'पाचशे किलोमीटर चालवा, गाडी शिकेल आणि अ‍ॅव्हरेज परत येईल,' असे मला सांगण्यात आले होते. आता बाराशे किलोमीटर झाले. रोजचे जाणे-येणे कोल्हापुरातल्या राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी एवढेच आहे, महिन्यातून एखादा रविवार गगनबावडा होतो. दोष किटचाच आहे का, आणि ते काढून टाकावे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : गाडी शिकते, हे आपल्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे आहे, ती काय शिकते, एवढेच त्यांनी आपल्याला सांगितलेले नाही.

बीएस-६ गाडीच्या बेंडपाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत, एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन उरला आहे की संपला आहे, एवढाच निरोप तो देतो. उरला असेल तर त्याच्या वायरीवर ०.१ ते ०.२ व्होल्ट मिळतात आणि संपला असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. या निरोपावरून ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) उघडा ठेवण्याचा वेळ सतत किंचित वाढवत आणि किंचित घटवत राहतो, आणि शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने वजनी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे प्रमाण सांभाळतो. हे सारे गाडी एकसारख्या वेगाने, हलक्या मुठीवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर थोडाच उघडून, चालते तेव्हाचे. मूठ पूर्ण पिळली, किंवा इंजिन नुकतेच सुरू होऊन थंड असले, की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि आपल्याजवळच्या ठरीव तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. आता, आपण राजारामपुरीतून निघून महामार्गाने शिरगावपर्यंत जाता, त्यातला बहुतेक वेळ हलक्या मुठीचाच असणार. म्हणजे आपले अ‍ॅव्हरेज ठरते ते याच टप्प्यात. ओव्हरटेक करताना दोन-चार सेकंद मूठ पिळल्याने जास्तीचे जे पेट्रोल जाते, ते त्या मानाने किरकोळ असते.

बाजारातील बरीचशी किट नेमकी याच टप्प्यात हात घालतात. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसून नुसते पेट्रोल वाढवले, तर ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो आणि ईसीयू ते वाढीव पेट्रोल परत कापून टाकतो. म्हणून किट सेन्सरचा निरोपच बदलते. प्रमाण बरोबर असतानाही 'हवा जास्त झाली आहे' असे ते ईसीयूला कळवते. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो, आणि ही वाढ रोज करावी लागते असे दिसले की ती स्वतःच्या स्मरणात नोंदवून ठेवतो. गाडीचे 'शिकणे' म्हणतात ते हेच. आणखी पाच हजार किलोमीटर चालवलीत तरी जास्त पेट्रोल पिण्याचाच धडा तेवढा पक्का होईल. जुने अ‍ॅव्हरेज त्या वाटेने परत येणार नाही.

आता आकडे पाहू. अशी किट हलक्या मुठीचे प्रमाण साधारणपणे १३.२ ते १३.८ च्या दरम्यान आणून ठेवतात, कारण सर्वाधिक ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते आणि तिच्या जवळ गेले की गाडी मुठीला चटकन उत्तर देते. तेवढ्याच हवेला १४.७ ऐवजी १३.२ चे प्रमाण ठेवले, तर पेट्रोल सुमारे ११ टक्के जास्त लागते. अशा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिक्स्चरने ताकदही थोडी वाढते आणि मूठ थोडी कमी उघडावी लागते, म्हणून प्रत्यक्ष रस्त्यावर हे नुकसान ११ टक्क्यांच्या आतच राहायला हवे. आपल्या गाडीचा हिशेब मात्र निराळा येतो. ३४ वरून २८ म्हणजे शंभर किलोमीटरला पूर्वी २.९४ लिटर लागत होते तिथे आता ३.५७ लिटर लागतात. ही वाढ २१ टक्क्यांची आहे. तेव्हा किट गुन्हेगार आहेच, पण फार तर निम्म्या गुन्ह्याचे. उरलेला निम्मा दुसरीकडे शोधला पाहिजे.

माझा पहिला संशय सायलेन्सरच्या जोडावर आहे. नवा सायलेन्सर बसवताना जुनी गॅस्केट (जोडातली फट बुजवणारी चकती) तशीच राहिली, किंवा क्लॅम्प नीट आवळला गेला नाही, की जोडातून धूर थोडा बाहेर पडतो आणि धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढलीही जाते. ही हवा सेन्सरपर्यंत पोहोचली की इंजिनात काहीही कमी नसताना सेन्सर 'ऑक्सिजन शिल्लक आहे' असे सांगतो, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे एक खोटे किट सांगते आणि दुसरे गॅस्केट. गेल्या पावसाळ्यात शिवाजी उद्यमनगरातील एका परिचित गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली होती. तिचा प्लग काढला तर त्यावर काजळीचा थर होता. बोट लावले की बोट काळे होत होते. मालकांना किट काढायची घाई झाली होती, पण मिस्त्रींनी इंजिन आयडलिंगवर ठेवून देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागवली आणि तिचे टोक बेंडपाइपच्या जोडाभोवती हळूहळू फिरवले. एका जागी सरळ चढणारा धूर थडथड उडू लागला. गॅस्केट बदलून आठवड्याने प्लग पाहिला तेव्हा तो फिक्या कॉफीच्या रंगावर आला होता, म्हणजे पेट्रोल बरोबर जळू लागले होते. ही परीक्षा आपणही करून पाहावी. फक्त टाकीचे झाकण बंद असावे, पेट्रोल कुठे गळत नसावे, आणि इंजिन नुकतेच सुरू केलेले असावे, म्हणजे हात भाजणार नाही.

दुसरा संशय, राग मानू नये, आपल्या उजव्या हातावर आहे. मोकळ्या सायलेन्सरचा आवाज आणि सुधारलेला पिकअप मिळाल्यावर तोच माणूस तीच गाडी त्याच वेगाने चालवत नाही, हा माझा अनुभव आहे, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो.

तिसरी गोष्ट इंधनाची. ३४ चा आकडा नेमका कधीचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत देशभर तेच रूढ झाले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणावरून २० टक्क्यांवर आल्याने तीन-साडेतीन टक्के अ‍ॅव्हरेज जाते. आपल्याच जिल्ह्यातील ऊस कारखान्यात जाऊन आपल्याच टाकीत परत येतो, त्याचा हा हिशेब आहे. आपला जुना आकडा त्या आधीचा असेल, तर एवढी घट किटच्या नावावर टाकू नये.

म्हणून काढून टाकण्याआधी मोजावे. बहुतेक किट कनेक्टरवर बसतात, वायर कापावी लागत नाही. किटसोबत मिळणारे बायपास कनेक्टर लावले की गाडी मूळ अवस्थेत येते. एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबून टाकी भरावी; काठोकाठ भरण्याचा आग्रह धरू नये. नेहमीच्या रस्त्यावर दोन टाक्या किटसह आणि दोन टाक्या किटशिवाय चालवाव्यात, आणि किट काढल्यावरची पहिली टाकी हिशेबात धरू नये, कारण ईसीयूला जुना धडा विसरायला तेवढा अवधी लागतो. गगनबावड्याची फेरी यात मिसळू नये. तिकडून पुढे करूळ घाट उतरलात, तर मूठ सोडलेल्या उतारावर मूळ ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद ठेवतो आणि अ‍ॅव्हरेज उगाच चांगले दिसते. काही ट्यूनर ही सोय मुद्दाम बंद करतात, म्हणजे उतारावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात. त्या प्रत्येक फटाक्याचे पेट्रोल आपणच भरलेले असते.

माझा सल्ला विचाराल तर, ज्या किटमध्ये हलक्या मुठीचे प्रमाण मूळ १४.७ वर ठेवून फक्त मोठ्या मुठीला पेट्रोल वाढवता येते, तो मॅप (पेट्रोलचा तक्ता) गॅरेजमध्ये मागून घ्यावा. मोकळ्या सायलेन्सरला पेट्रोलची खरी गरज तिथेच असते. तशी सोय नसेल, तर रोजच्या एमआयडीसीच्या फेरीसाठी ते किट बाळगण्यात अर्थ नाही. महिन्याला ६०० किलोमीटर धरले तरी ३४ आणि २८ यांतला फरक जवळजवळ पावणेचार लिटरचा, म्हणजे चारशे रुपयांच्या घरात जातो. रिच मिक्स्चरने कार्बन मोनॉक्साइड वाढून पीयूसीत गाडी अडकू शकते, हे वेगळेच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रस्त्यावर प्रथम पकडला जातो तो अर्थातच सायलेन्सर.

प्रश्न : माझी २०१२ ची १५० सीसी कार्ब्युरेटरची गाडी आहे. मिस्त्री म्हणतात, मेन जेट एक नंबर लहान घातला की लिटरला पाच किलोमीटर वाढतील. घालू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : घालू नये. मेन जेटचे, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मोठ्या भोकाचे, राज्य मूठ पाऊण उघडल्यावर सुरू होते; त्याच्या आधी पायलट जेट (लहान भोक) आणि नीडल (मुठीबरोबर वर-खाली होणारी सुई) काम करतात. गावात चाळीस-पन्नासच्या वेगाने चालणाऱ्या गाडीची मूठ पाऊण कधी उघडत नाही, म्हणून लहान मेन जेटने आपली बचत जवळजवळ शून्य होईल. याउलट शिरोलीकडे जाताना पूर्ण मुठीवर, जिथे इंजिन सर्वाधिक तापते, नेमके तिथेच पेट्रोल कमी पडेल आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व पिस्टन यांना त्याचा त्रास होईल. त्यातच २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा १४.७ नव्हे, साधारण १३.५ पटच लागते. आपल्या कार्ब्युरेटरला हे सांगणारा कोणताही सेन्सर नाही, त्यामुळे जेटला हात न लावताच आपली गाडी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालली आहे. त्यावर आणखी कात्री चालवू नये. एवढ्या वर्षांनी नीडल आणि तिच्या भोवतीचा पितळी जेट घासून भोक लंबगोल झाले असेल, तर मात्र मधल्या मुठीला पेट्रोल खरोखरच जास्त जाते. तो जोड बदलून घ्यावा, आणि मागचा ब्रेक धरून राहत नाही ना, हेही त्याच वेळी चाक उचलून फिरवून पाहावे.

प्रश्न : हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा एक छोटा डबा मी पाचशे रुपयांना मागवून बसवला. 'पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढते' अशी त्याची जाहिरात होती. दोन टाक्या झाल्या, फरक काहीच नाही. सोबत छायाचित्र पाठवत आहे.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : त्या डब्यात बहुधा दहा-वीस पैशांचा एक रेझिस्टर असतो. बाहेरची हवा आहे त्याहून थंड आहे, असे तो ईसीयूला भासवतो. थंड हवा दाट असते, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवतो. मग ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि वाढवलेले परत काढून घेतले जाते. आपल्याला फरक न दिसण्याचे कारण एवढेच आहे, आणि एका अर्थी ते आपल्या सेन्सरचे आरोग्य चांगले असल्याचे लक्षण आहे. अ‍ॅव्हरेज वाढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण हे साधन फक्त पेट्रोल वाढवू शकते. डबा काढून टाकावा. छायाचित्रात सेन्सरची वायर कापून नुसत्या चिकटपट्टीने जोडलेली दिसते आहे. आपल्याकडचा पाऊस सुरू होण्याआधी तो जोड सोल्डर करून त्यावर श्रिंक ट्यूब चढवून घ्यावी, नाहीतर भर पावसात आंबोलीच्या वाटेवर चेक इंजिनचा दिवा लागेल.